सूप मांडीवर, टेप हातात

सकाळी ७. सोलापूरजवळच्या कुंभारीचं गोदूताई परुळेकर घरकुल. २००६ साली विडी कामगार बायांच्या हाती आलेली ही दहा हजार घरं. मी आशा सेविका, पिशवीत रजिस्टर, फॉर्म आणि टेप. दारोदारी विड्यांचं सूप मांडीवर आलेलंच असतं, शेजारी चहा-खारी. ज्वारीच्या मुलखात सकाळची भाकरी मागं पडली, कारण ती थापायला लागणाऱ्या वेळात विड्या बुडतात.

८:३०. "अक्का, जरा उभ्या राहा."

ती सूप सरकवते, गुडघ्यावर हात टेकून उठते. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची. निऱ्या खाली सारल्या नाहीत तर साडीच मोजली जाते. ९४ सेंटिमीटर. फॉर्मवर धोक्याचे गुण मांडायचे: बाईची कंबर ८० च्या वर गेली की एक गुण, ९० च्या वर दोन. वय ४४, त्याचे दोन. रोजची मशेरी, आणखी दोन. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम?

"मग हजार विड्या कोण वळणार, तुम्ही?"

एक गुण. बेरीज सात. चारच्या वर गेलं की बीपी-शुगरला आधी पाठवायचं.

"पण मी खाते कुठं एवढं?" ती खरंच बोलते. दिवसभर बोटं तेवढी पळतात, बाकी अंग जागचं हलत नाही.

१०. बाया विड्या द्यायला कारखान्यात. माझी बाळंतिणीची भेट, लसीकरणाची यादी.

दुपारी १:३०. डबा खाताना आकडे भरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २३ टक्के बाया वजनानं जास्त, २१ टक्के हडकुळ्या. एकाच गल्लीत एकीला खा म्हणायचं, दुसरीला आवर. वर लोक ९४ च्या कमरेला 'खात्यापित्या घरची' म्हणणार! पण दोष हावरेपणाचा नसतो. पॅसिफिकमधल्या नऊरू बेटावर फॉस्फेटसाठी जमीन उकरली, शेती गेली, बाहेरचा तांदूळ, साखर, डब्यातलं मांस आलं. आज लठ्ठपणात ते जगात पुढं आहे. तिथली माणसं काय जन्मतः खादाड होती? पोट कसं भरायचं ते कामधंदा ठरवतो, तिथंही आणि इथंही.

५. पुन्हा अक्का. 'रोज फिरायला जा' हे मी सांगत नाही. मजुरी नगावर असलेल्या बाईला ते सांगणं म्हणजे थट्टा. शंभर विड्या झाल्या की उठा, पाणी स्वतः आणा, चहातली साखर निम्मी करा, एवढंच.

तिशी ओलांडलेल्यांची ही बीपी-शुगरची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. आशा टेप घेऊन दारात आली, तर बायांनो, दोन मिनिटं सूप खाली ठेवा.