वर्धाकाठची १८१८ ची मोहीम : शिलेदार, गढी आणि मुलूख

दुसऱ्या बाजीरावाच्या नावाला चिकटलेले ‘पळपुटा’ हे विशेषण त्याच्या अखेरच्या मोहिमेचा उलगडा करण्याऐवजी तिच्यावर पडदा टाकते. मराठी घोडदळाच्या युद्धपद्धतीत शत्रूला हुलकावणी देणे, लढाई टाळणे आणि दूरच्या मुलुखात निघून जाणे हा भ्याडपणा मानला जात नसे. गनिमी काव्याचे ते नित्याचे अंग होते. मग तीच पद्धत १८१८ च्या एप्रिल महिन्यात वर्धा नदीच्या खोऱ्यात का मोडली, हा खरा प्रश्न होय. सेनापतीच्या स्वभावातून त्याचे उत्तर पुरते मिळत नाही. घोडदळाला पोसणारा मुलूख आणि घोडेस्वाराचा सेवासंबंध ह्यांच्या विचारानेच ते हाती लागते.

प्रथम स्थलनामांचा घोळ दूर करणे अवश्य आहे. ज्या आष्टीच्या लढाईत २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले धारातीर्थी पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील होय. वर्धा जिल्ह्यातील आष्टी १९४२ च्या आंदोलनामुळे प्रसिद्ध आहे. तिचा त्या लढाईशी काही संबंध नाही. दोहोंमध्ये सरळ रेषेतही चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. त्याचप्रमाणे १७ एप्रिल १८१८ ची लढाई ज्या सिवनीजवळ झाली, ते गाव पांढरकवड्याच्या परिसरातले, म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातले. मध्य प्रदेशातील सिवनी हे जिल्ह्याचे ठिकाण ते नव्हे. ही दोन नावे आपापल्या जागी बसविली म्हणजे मोहिमेचा विस्तार ध्यानात येतो. भीमेच्या खोऱ्यात पराभूत झालेले सैन्य गोदाकाठच्या कोपरगावपर्यंत उत्तरेस जाऊन पुढे पूर्वेकडे वळले आणि दोन महिन्यांच्या आत वर्धेच्या तीरावर पोचले. वेग त्याच्या ठायी अखेरपर्यंत होता.

पूर्वेकडे वळण्याचे कारण उघड होते. नागपूरकर आप्पासाहेब भोसले ह्यांचा आश्रय आणि चांद्याचा बळकट किल्ला ह्यांवर बाजीरावाची भिस्त होती. परंतु सीताबर्डीच्या लढाईत (२६-२७ नोव्हेंबर १८१७) भोसल्यांच्या फौजेचा पाडाव झाला होता आणि मार्च १८१८ मध्ये खुद्द आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेत पडले. गणपतराव सुभेदारासारखे भोसल्यांचे काही सरदार पेशव्यास येऊन मिळाले. पण सरदार येऊन मिळणे निराळे आणि राज्य पाठीशी असणे निराळे.

एप्रिलच्या आरंभी कर्नल स्कॉट ह्याच्या तुकडीने वरोऱ्याच्या बाजूस चांद्याची वाट अडविली. होशंगाबादेकडून आलेला कर्नल अॅडम्स हिंगणघाटास उतरला, तर पश्चिमेकडून जनरल डव्हटन ह्याचे सैन्य पुढे सरकत होते. डव्हटनला चुकवू पाहणारे पेशव्याचे सैन्य सिवनीजवळ अकस्मात अॅडम्सच्या समोर आले. अॅडम्सजवळ घोडदळाची एकच पलटण व घोड्यांवरचा तोफखाना होता. तरीही लढाई थोडक्यात आटोपली. पेशव्याच्या उरलेल्या पाच तोफा व खजिन्याचा भाग शत्रूच्या हाती गेला. तो स्वतः मोठ्या कष्टाने निसटला. ह्यानंतर फौजेचा मोठा भाग त्याला सोडून गेला.

ही पांगापांग समजण्यास दोन शब्दांतील भेद उपयोगी पडतो. बारगीर सरकारी किंवा सरदाराच्या पागेतील घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. शिलेदाराच्या दृष्टीने घोडा हे शस्त्र होते, तसेच ते भांडवलही होते. घोडा मेला की चाकरी बुडाली. सातारा घेतल्यावर एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ रोजी जो जाहीरनामा काढला, त्यात बाजीरावाची चाकरी सोडून घरी परतण्यास दोन महिन्यांची मुदत दिली होती. न परतणाऱ्याच्या जमिनी जप्त होणार होत्या. सिवनीची लढाई ही मुदत सरल्यावर जेमतेम आठवड्यात झाली. एकीकडे पगार देणारा खजिना गेला, दुसरीकडे गावची जमीन जाण्याची भीती उभी राहिली. अशा वेळी शिलेदार घरी परतला, ह्यास केवळ फितुरी म्हणणे शब्दार्थाच्या आणि वस्तुस्थितीच्या दोन्ही दृष्टींनी अपुरे होय.

मुलुखाची साक्षही ध्यानात घेतली पाहिजे. वर्धा जिल्ह्यातील अनेक मोठ्या गावांत मातीच्या गढ्या होत्या, आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांच्या काळाशी त्यांचा संबंध जोडला जातो. ज्या प्रदेशाने प्रत्येक स्वारापासून बचाव करण्यासाठी भिंती घातल्या, तो कोणत्याही घोडदळास आपण होऊन दाणावैरण देईल, हे संभवनीय नव्हते. त्यातून महिना एप्रिलचा. रब्बीचे पीक निघून गेलेले, ओढेनाले आटलेले. नकाशावर मोकळे दिसणारे हे खोरे व्यवहारात बंद झाले होते.

येथे अमेरिकेच्या यादवी युद्धातील एक तुलना उद्बोधक ठरेल. १७ एप्रिल १८६३ रोजी कर्नल ग्रियर्सन सुमारे १,७०० स्वारांनिशी टेनेसीतील ला ग्रेंज येथून निघाला आणि शत्रूच्या मुलुखातून सुमारे ९६० किलोमीटर दौड करून २ मे रोजी बॅटन रूज येथे पोचला. ती दौड यशस्वी ठरली, ह्याचे एक प्रमुख कारण असे की बॅटन रूज स्वपक्षाच्या ताब्यात होते. बाजीरावाच्या दौडीच्या शेवटी असे ठिकाणच उरले नव्हते. १८१८ च्या युद्धास यादवी म्हणण्याची प्रथा नाही. परंतु आष्टीनंतर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या छावणीत आणि त्यांचा पेशवा रानोमाळ, अशी स्थिती झाली. मराठी स्वाराची निष्ठा कोणाच्या ठायी असावी, हा प्रश्न यादवीतल्याइतकाच तीव्र होता.

२० मे रोजी चांद्याचा किल्ला पडला. ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर बिठूरास गेला. त्याच्या कर्तृत्वाविषयीचा निवाडा कोणी काहीही करो; ‘पळपुटा’ ह्या शब्दाने मात्र एका माणसाच्या दोषात अनेकांची परिस्थिती बुडविली आहे. बखरी, कागदपत्रे आणि गॅझेटियर ह्यांचा अभ्यास करणाऱ्याने नामे, विशेषणे आणि सेवावाचक संज्ञा प्रथम पारखून घ्याव्यात. इतिहासाचा निवाडा पुष्कळदा त्यांच्यातच आधी होऊन गेलेला असतो.