मजुरी कुणाच्या नावावर?

पैठणीच्या मागावर बघणाऱ्याला एकच माणूस दिसतो. पण तो मागावर बसण्याआधी रेशमाच्या लडी उकलायच्या असतात, रहाटावर कांड्या भरायच्या असतात आणि ताणा संपत आला की जुन्या तारेला नवी तार सांधायची असते. शेकडो तारा, एकेक करून, नखाच्या टोकाने. येवल्यात पिढ्यान्‌पिढ्या हे काम घरातल्या बायकांनी केलं. मजुरी मात्र साडीमागे ठरते आणि ती माग चालवणाऱ्याच्या हातात पडते. मग कांड्या भरणाऱ्या बाईची ओळख ‘घरीच असते’ एवढीच राहिली, आणि सरकारी कागदावरही तेच उतरलं.

कागदाचा हा खेळ देशभर झाला. १९६१च्या जनगणनेत देशातल्या सुमारे २८ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. १९७१मध्ये माणसाचा मुख्य व्यवसाय काय, यावर भर दिला गेला आणि हा आकडा निम्म्याच्या आसपास घसरला. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडलं नव्हतं. बदलला होता तो प्रश्न.

त्याच सुमारास १९७२चा दुष्काळ आला. येवला तालुका मुळातच अवर्षणाचा; पालखेड कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे हिरवं, बाकी आभाळाकडे डोळे. दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढे राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला आणि १९७९पासून अमलात आला. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या. इथे मस्टरवर त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि बाई-पुरुष असा दरात भेद नव्हता. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बाईच्या कामाच्या इतिहासात मस्टरवरच्या त्या नावाचं मोल फार मोठं आहे.

नाशिक जिल्ह्यातच कामाचे किती तऱ्हेचे पट्टे आहेत! सिन्नरला विडी वळणं, निफाड-दिंडोरीला द्राक्षबागा, तिथे सुरगाणा-पेठकडून हंगामाला येणारी आदिवासी कुटुंबं. येवल्याच्या शिवारात कांदा. डिसेंबर-जानेवारीत ओल्या वाफ्यात वाकून रोप लावायचं, मार्च-एप्रिलच्या उन्हात बसून पात कापायची. लागवडीला बायकांच्या टोळ्या एकरावर उक्तं काम घेतात, दर स्वतः ठरवतात आणि आलेले पैसे आपसात वाटून घेतात. कंबर मोडणारं काम, पण मजुरी ज्या हाताने रोप लावलं त्याच हातात येते.

राज्याचं चित्रही असंच आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुमारे ४२ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या होत्या, शहरी भागात जेमतेम १७. शेत सुटलं, शहरात आलं, की बाईचं काम एक तर थांबतं किंवा उंबऱ्याआड जातं. येवला शहरातली कांडी अशीच उंबऱ्याआडची.

अलीकडे येवल्यात, नागडे-वडगावसारख्या गावांत बायका स्वतः मागावर बसू लागल्या आहेत. पैठणला सरकारी केंद्रात तर विणणाऱ्या बहुतेक बायकाच. बांगडी मोराचा पदर विणायला लागणारी नजर आणि चिकाटी त्यांच्याकडे आधीपासून होतीच. बैठक उशिरा मिळाली. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशातल्या ३५ लाखांवर विणकर व पूरक कामगारांपैकी ७० टक्क्यांहून जास्त स्त्रिया निघाल्या. पूरक काम मोजलं म्हणून हे दिसलं. श्रमबल सर्वेक्षणातही पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानून चालणार नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात आला आणि ‘बाई काय करतात?’ असं त्याने विचारलं, तर विणकर घरांनी ‘काही नाही’ म्हणू नये. कांड्या भरते, ताणा सांधते, माग चालवते, असं सांगावं, आणि शक्य असेल तिथे ते उत्तर बाईनेच द्यावं.