सरावणे आणि सावध होणे

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, पण तिच्यातून ना धोका निघाला ना लाभ, तर तिला मिळणारा प्रतिसाद हळूहळू ओसरतो. मानसशास्त्रात याला सरावणे म्हणतात. शेतात नवे बुजगावणे उभे राहिले की पाखरे आधी लांब राहतात, मग बांधापर्यंत येतात आणि काही दिवसांनी त्याच्याच खांद्यावर बसतात. याच्या उलट, जोराचा किंवा वेदना देणारा अनुभव आल्यावर एरवी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनाही प्रतिसाद वाढतो. हे संवेदीकरण. दिवाळीत जवळच मोठा फटाका फुटला की त्यानंतर साधे दार आपटले तरी कुत्रे दचकते.

शिकण्याचे हे सर्वांत साधे प्रकार आहेत. पावलोव्हच्या प्रयोगांतला कुत्रा आवाज आणि अन्न यांची सांगड घालायला शिकला होता. इथे तशी सांगड नसते. एकाच उद्दीपकाकडे किती लक्ष द्यायचे, एवढेच शिकले जाते. म्हणून यांना असाहचर्यात्मक अध्ययन म्हणतात. अवघ्या 302 चेतापेशी असलेला एक सूक्ष्म कृमीसुद्धा त्याच्या बशीला वारंवार टिचकी मारली की मागे सरकणे कमी करतो.

सरावणे म्हणजे थकवा नव्हे. एखाद्या आवाजाला सरावलेल्या प्राण्यापुढे मध्येच वेगळाच तीव्र उद्दीपक आणला, तर जुन्या आवाजालाही तो पुन्हा दचकतो. स्नायू किंवा कान थकले असते, तर असे झाले नसते. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी 1966 मध्ये सरावण्याची लक्षणे एकत्र मांडली. उद्दीपक थांबवून काही काळ जाऊ दिला की प्रतिसाद आपोआप परततो, पण दुसऱ्या खेपेला सराव अधिक लवकर होतो. उद्दीपक जितका सौम्य आणि जितक्या भराभर येणारा, तितका सराव लवकर. फार तीव्र उद्दीपकाला मात्र सराव होईलच असे नाही.

एकच आवाज कधी सवयीचा होतो, तर कधी जीव नकोसा करतो. असे का, याचे उत्तर थॉम्पसन आणि फिलिप ग्रोव्ह्ज यांनी 1970 मध्ये दिले. प्रत्येक उद्दीपक दोन प्रक्रिया एकाच वेळी सुरू करतो, एक प्रतिसाद खाली ओढणारी आणि दुसरी वर चढवणारी. दिसते ती या दोन्हींची गोळाबेरीज. मायकेल डेव्हिस यांच्या 1974 मधल्या प्रयोगात उंदरांना एकच मोठा आवाज वारंवार ऐकवला गेला. मागे 60 डेसिबलचा गोंगाट होता, तेव्हा त्यांचे दचकणे कमी होत गेले. तोच गोंगाट 80 डेसिबलवर नेला, तेव्हा दचकणे वाढत गेले. आवाज तोच होता, फरक होता तो मुळातच ताणलेल्या अवस्थेचा.

मेंदूत नेमके काय घडते, याचा माग एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अप्लिसिया या समुद्री गोगलगायीत काढला. तिच्या चेतासंस्थेत सुमारे 20,000 चेतापेशी असतात आणि त्यांतल्या काही नुसत्या डोळ्यांनीही दिसतील इतक्या मोठ्या असतात. तिच्या नळीला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. स्पर्श होतच राहिला, तर संवेदी पेशीच्या टोकातून पुढच्या पेशीकडे जाणारे रसायन कमी सुटू लागते आणि कल्ला जेमतेम हलतो. शेपटीला विजेचा धक्का दिला, तर सेरोटोनिन पाझरते. त्यामुळे तेच टोक जास्त रसायन सोडते आणि नुसत्या स्पर्शानेही कल्ला झटकन आत जातो.

हा बदल काही मिनिटांत विरतो. प्रशिक्षण काही दिवस दिले, तर तो आठवडे टिकतो आणि मग पेशींची रचनाच पालटते. संवेदी पेशीची सुमारे 1,300 जोडणीची टोके सरावलेल्या गोगलगायीत साधारण 850 वर येतात, तर संवेदीकरण झालेलीत 2,700 च्या घरात जातात. या संशोधनासाठी कँडेल यांना 2000 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

बोलता न येणाऱ्या बाळाला काय कळते, हे तपासायला सराव उपयोगी पडतो. रॉबर्ट फँट्झ यांनी 1964 मध्ये दाखवले की दोन महिन्यांपुढची बाळे पाहिलेल्या चित्राकडे कमी आणि नव्या चित्राकडे जास्त वेळ पाहतात. म्हणजे दोन्हींतला फरक त्यांना कळतो. अवाजवी भीतीवरच्या उपचारात भीतीच्या वस्तूला सुरक्षित वातावरणात, सौम्य पायरीपासून सामोरे जायला लावतात. एकदम मोठी मात्रा दिली, तर सरावाऐवजी संवेदीकरण होण्याचा धोका असतो.

दीर्घकाळच्या दुखण्यातही संवेदीकरणाचा हात असतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्ये दाखवले की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच अधिक उत्तेजित होतात. मग जखम भरून आल्यावरही कपड्याचा हलका स्पर्श दुखू शकतो. बुजगावण्याच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याला सराव मोडायचा असतो. म्हणून ते अधूनमधून हलवावे लागते, त्याचे कपडे बदलावे लागतात किंवा जोडीला डबा वाजवावा लागतो.