कमरेवरची न भरणारी जखम

बेलापूर : उसाच्या फडात वाकून राबणाऱ्या स्त्रीच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळपट वळ दिसणे, ही प्रवराकाठच्या गावांत नवलाची गोष्ट नाही. बहुतेकींना त्याचा त्रासही होत नाही. परंतु या वळावर पडलेली जखम महिनोन्‌महिने भरत नसेल, तर तिला केवळ घामोळे वा गजकर्ण समजून मलम लावत राहणे धोक्याचे ठरते. क्वचित प्रसंगी अशा जखमेतून त्वचेचा कर्करोग उद्भवतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घट्ट नेसलेल्या धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद १९४५ मध्येच केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन स्त्रियांची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांच्या एका स्त्रीची जखम १८ महिने भरली नव्हती. दुसरी स्त्री ४० वर्षे लुगडे घट्ट नेसत होती. तिची जखम दोन वर्षांची होती आणि रोग जांघेतील ग्रंथीपर्यंत पोचला होता.

एकाच जागी रोज घर्षण झाले की त्वचा पातळ होऊन सोलवटते, खपली धरते आणि पुन्हा फुटते. दुरुस्तीसाठी पेशी वर्षानुवर्षे विभागत राहतात आणि कधीतरी त्यांची वाढ बेबंद होते. जुन्या भाजल्याच्या व्रणावरही असा कर्करोग होऊ शकतो. जखमेच्या कडा उचलल्या जाणे, दुर्गंधी, रक्तस्राव ही त्याची लक्षणे होत.

शस्त्रक्रिया कशी होते?

प्रथम जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा काढून तपासला जातो. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. निदान पक्के झाल्यावर जखम, तिच्याभोवतीची साधारण दोन सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खालची चरबी एकत्र काढली जाते. काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तेथे रोगपेशी आढळल्यास पुन्हा छेद घ्यावा लागतो. लहान जागा टाके घालून बंद होते. मोठ्या जागेवर मांडीवरील त्वचेचा पातळ थर बसवितात किंवा शेजारची कातडी रक्तपुरवठ्यासह फिरवून आणतात. ग्रंथींत रोग असल्यास त्याही काढाव्या लागतात आणि पुढे किरणोपचाराचीही गरज पडू शकते. म्हणजे विलंब जितका अधिक, तितकी शस्त्रक्रिया मोठी. सुरुवातीच्या अवस्थेत मात्र बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात.

चार ते सहा आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवून तुकडा तपासणीबाबत विचारावे. बेलापूरकरांसाठी लोणी येथील प्रवरा ग्रामीण रुग्णालय जवळचे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रियांचा समावेश असल्याने खर्चाच्या धास्तीने दुखणे अंगावर काढू नये.

पोशाख बदलण्याची आवश्यकता नाही. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, गाठ सैल बांधावी आणि तिची जागा अधूनमधून बदलावी. घरातील वृद्ध स्त्रिया संकोचाने अशी जखम लपवितात. लेकीसुनांनी ती आपणहून विचारली, तर निदान कितीतरी आधी होऊ शकेल.