वऱ्हाडच्या जुन्या कागदांतील ‘ताजी’ घोडा व अश्वशिक्षा

जुन्या दप्तरांतील घोड्यांच्या यादींत ‘ताजी’ हा शब्द दिसला कीं वाचक बहुधा त्यापुढें ‘अरबी’ असा अर्थ लिहून मोकळा होतो. कोशाचा आधारहि त्यास मिळतो. परंतु या एका शब्दावर बरेंच अवलंबून आहे. एखाद्या पागेंत चाळीस ताजी होते असें यादींत आढळलें आणि ते चाळीसहि समुद्र ओलांडून आले असें आपण धरलें, तर त्या सरदाराची सांपत्तिक स्थिति, बंदरांतील जकात व परदेशीं जाणारा पैसा यांविषयींचीं सर्व अनुमानें त्यावर उभीं राहतात. ताजी म्हणजे देशांतच निपजलेला चांगला घोडा असेल, तर तीं सगळीं अनुमानें कोसळतात. म्हणून हा शब्द कोणत्या काळीं, कोणाच्या लेखणींतून, कोणत्या अर्थानें उतरला याचा विचार वाशीम प्रांत डोळ्यांपुढें ठेवून येथें करण्याचें योजिलें आहे.

तय्यि नांवाची एक अरब टोळी होती. तिच्या नांवावरून इराणांतील लोक सरसकट सर्व अरबांस ताजी किंवा ताजीक म्हणूं लागले. आपल्याकडे हा शब्द ‘ताजिक’ या रूपानें आला. अवनिजनाश्रय पुलकेशी याच्या नवसारी ताम्रपटांत (कलचुरि संवत् ४९०, म्हणजे इसवी सन ७३८–३९) त्यानें ताजिकांच्या सैन्याचा पराभव केल्याचें वर्णन आहे. तेथें अर्थ निःसंशय अरब असाच आहे. ज्योतिषांतील ताजिक पद्धतीचें नांवहि याच मुळाचें. विदर्भांतून काशीस गेलेल्या घराण्यांतील नीलकंठानें १५८७ सालीं ‘ताजिकनीलकंठी’ रचिली. तींतील इत्थशाल, ईसराफ हे शब्द कानावर पडतांच त्यांची अरबी जात कळते. सारांश, संस्कृत लेखकाच्या हातीं हा शब्द आपल्या मूळ अर्थास फारसा सोडून गेलेला नाहीं. भोजाच्या नांवावर चालणाऱ्या ‘युक्तिकल्पतरूं’त ‘ताजित’ घोडे उत्तम वर्गांत घातले आहेत, ते परदेशी म्हणूनच. त्याहूनहि जुना शब्द ‘वनायुज’. कौटिल्यानें कांबोज, सैंधव व आरट्ट यांच्या पंक्तीस वनायुज घोडा उत्तम म्हणून बसविला आहे. वनायु म्हणजे अरबस्तान असें कित्येक विद्वान् मानतात.

फारसी दप्तरांत मात्र प्रकरण वेगळें होतें, आणि आमच्या प्रश्नाची ग्रंथि तेथेंच आहे. अबुल्फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त घोड्यांचे सात वर्ग सांगितले आहेत : अरबी, इराकी अथवा इराणी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगला. म्हणजे अरबी हा पहिला वर्ग, आणि ताजी त्याच्या खालीं पांच पायऱ्या सोडून सहावा! शेवटचे वर्ग बहुतेक हिंदुस्थानी पैदाशीचे असून त्यांत उत्तम तो ताजी, मध्यम तो जंगला व हलका तो टट्टू, असें तो स्पष्ट म्हणतो. ज्या शब्दाचा धात्वर्थच अरब, तोच शब्द बादशाही गणतींत देशी घोड्याचें नांव होऊन बसला. शब्दांचे असे खेळ पाणिनीयांस नवे नाहींत. धात्वर्थापेक्षां रूढि बलवती, हें आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों. पण हा दाखला त्या वेळीं हाताशीं असता तर ‘कुशल’ शब्दावर इतका खडू झिजविण्याचें कारण पडलें नसतें.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पहिल्या वर्गाचें लक्षण देतांना अबुल्फजल जन्मभूमीवर अडून बसत नाहीं. अरबस्तानांत निपजलेला, अथवा डौलानें व पराक्रमानें तसल्या घोड्यासारखा असणारा, तो अरबी. तेव्हां गणतीच्या कागदांत ‘अरबी’ हा शब्दसुद्धां दर्जा सांगतो. जन्म सांगेलच असें नाहीं.

आतां वाशिमाकडे वळूं. हें पूर्वींचें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ सालीं सांपडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटांत पहिल्या प्रवरसेनानें चार अश्वमेध केल्याचें नमूद आहे. घोड्याचा या गांवाशीं लेखी संबंध तेथपासूनचा. ‘आईन’मध्यें वऱ्हाड सुभ्यांत बासीम हें स्वतंत्र सरकार असून, त्याच्या आसपास राहणाऱ्या हटकर लोकांचें बळ एक हजार स्वार व पांच हजार प्यादे असें दिलें आहे. हे लोक गर्विष्ठ व दांडगे, असाहि शेरा आहे. या हजार स्वारांच्या मांडीखालीं कोणता घोडा होता? तो बंदरावरचा असणें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. अफनासि निकितीन नांवाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकांत एक घोडा जहाजांतून चौलास उतरवून जुन्नरास घेऊन आला. त्या एका जनावरापायीं आपले शंभर रूबल खर्च झाले असें तो लिहितो. आणि जुन्नरच्या असदखानानें तें काढून घेतलें तेव्हां त्याच्या जिवाचें पाणी पाणी झालें. पुढें गोवें घेतल्यावर फिरंग्यांनीं याच व्यापारावर आपली पकड बसविली. इतक्या मोलाचा घोडा बालाघाटांतील डोंगरी जमीनदाराच्या हजार स्वारांस मिळणें कठीण. त्यांचे घोडे आईनच्या परिभाषेंत ताजी, जंगला व टट्टू याच वर्गांत पडावे. भीमेच्या कांठचा भीमथडी घोडा अरबी रक्ताच्या मिश्रणानें झाला असें परंपरा सांगते. तें खरें धरलें तरी बी बाहेरचें आणि पीक येथलेंच, हा मुद्दा कायम राहतो.

मराठींत ताजीचें ‘तेजी’ असेंहि रूप झालें. संस्कृत ‘तेजस्’ शब्दाचा वास त्यास लागला असावा, आणि मग देश, वंश हें सारें सुटून ‘पाणीदार घोडा’ एवढाच अर्थ उरला. ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’ या म्हणींत तेजीची जात कोणीहि विचारीत नाहीं. तो खुणेनें चालतो, एवढें पुरें.

ही इशारतच अश्वशिक्षेचें सार होय. कौटिल्यानें घोड्यांचीं कामें सांनाह्य व औपवाह्य, म्हणजे लढाईचीं व बसण्याचीं, अशीं वेगळीं केलीं आहेत. औपवाह्याच्या गति त्यानें पांच सांगितल्या : वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. यांपैकीं वल्गन ही मंडलाकार गति, तिचे पुन्हां सहा पोटभेद. आणि नारोष्ट्र म्हणजे खुणेसरशी वागणें. अमरानें आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत या पांच ‘धारा’ दिल्या आहेत. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त, बाराव्या शतकांत, या शिक्षणाचें प्रत्यक्ष प्रदर्शन वाजिवाह्यालीविनोदांत दिसतें : सपाट मैदान, दोन पक्षांचे स्वार, तोरणें, हातांत वांकडी काठी व पुढें चेंडू. हल्लीं ज्यास पोलो म्हणतात त्याच जातीचा हा खेळ. त्यांत घोडा भरधाव धांवून चालत नाहीं. क्षणांत थांबला व क्षणांत वळला पाहिजे.

वळण्याचें हें शिक्षण मराठींत ‘कावा’ या शब्दानें ओळखतात. चाबूकस्वार मध्यें उभा राहून लांब दोरीवर शिंगरास वर्तुळांत फिरवितो, तो कावा. एका हातावर जितके फेरे, तितकेच दुसऱ्या हातावर द्यावे लागतात. न दिल्यास घोडा एका अंगास ताठ राहतो व ऐन प्रसंगीं त्या बाजूस वळत नाहीं. वर्तुळ आधीं मोठें, मग अंगाला लवचिकपणा येईल तसें लहान. जीन व स्वार यांचा भार त्यानंतर. मग कदम, दुडकी, चौक अशा चाली पक्क्या करावयाच्या, आणि शेवटीं दोरीचें काम लगामानें व लगामाचें काम मांडीनें व्हावें. कडियाळें ओढून वळविलेला घोडा वळतो खरा, पण त्याच्या तोंडाची नाजुकी जाते व पुढें इशारत त्यास कळेनाशी होते. मारावयाचें तर अपराधाच्या क्षणींच व नेमक्या जागीं, मागाहून नव्हे, हा अश्वशास्त्राचा दंडक याच कारणासाठीं आहे. ‘गनिमी कावा’ यांतील कावा तो हाच, असें आमचें मत आहे. शत्रूस झुकांडी देऊन वळणें हें ज्यास जमतें, त्याचा घोडा आधीं दोरीवर फिरलेला असतो.

म्हणून ताजीची परीक्षा नांवावरून करूं नये. घोड्यांच्या यादी संग्रहीं असणाऱ्यांनीं प्रथम हें पाहावें कीं त्याच यादींत ‘अरबी’ हा वर्ग निराळा आहे कीं नाहीं. तो असल्यास ताजी देशी समजावा. रकमेचा आंकडा असेल तर दोन्ही वर्गांची किंमत ताडून पाहावी. बखरींत किंवा पोवाड्यांत शब्द आल्यास त्यास दर्जाचें विशेषण मानावें. संस्कृत ग्रंथांत आल्यास मात्र परदेशी, हा जुना अर्थ आधीं घ्यावा. घोड्याचा रंग, देवमण, पंचकल्याणी इत्यादि खुणा यादींत दिल्या असतात, त्या गाळूं नयेत. हेमचंद्राच्या ‘अभिधानचिंतामणीं’त खोंगाह, सेराह, कियाह, वोरुखान अशीं रंगांचीं जीं परकीय वळणाचीं नांवें आहेत, त्यांवर कै. प. कृ. गोडे यांनीं लिहिलें आहे. तीं ताडून पाहण्यास अशा याद्यांचाच उपयोग.

शालिहोत्राच्या पोथ्यांचीहि गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. औषधांचीं चार पानें पाहून त्या वैद्यकाच्या बाडांत टाकल्या जातात व वाहनाचें, म्हणजे शिक्षेचें, प्रकरण उघडलेंच जात नाहीं. जयदत्ताचें ‘अश्ववैद्यक’ १८८७ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें आहे. हातीं आलेली पोथी त्याशीं लावून पाहतां येईल. समासांत कोणी कावा, दुडकी, चौक असे देशी शब्द टिपले असल्यास ते जसेच्या तसे उतरून घ्यावे, शुद्ध करूं नयेत. कारंज्याच्या जैन भांडारांची नोंद रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत आहे. घरगुती दप्तरांची तशी नाहीं. शोध करतांना एवढें ध्यानांत धरावें कीं जुना बासीम जिल्हा १९०५ सालीं मोडून अकोल्यांत गेला व हल्लींचा वाशीम जिल्हा १९९८ सालीं पुन्हां वेगळा झाला. तेव्हां नोंदी अकोला, बासीम व वाशीम या तिन्ही नांवांखालीं पाहाव्या.