बाळंतघर, शाळा, जंगल : चिचगड परिसराचा मागोवा

देवरीच्या दक्षिणेला, छत्तीसगड आणि गडचिरोलीच्या सीमांलगत असलेल्या चिचगडने राज्यकारभाराच्या पुष्कळ पाट्या बदललेल्या पाहिल्या. जमीनदारी 1951 मध्ये गेली. 1956 मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. मला या पाट्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते ते वेगळेच : इथे जन्मलेल्या माणसाच्या आसपास त्या त्या वयात कोण असते, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलते आणि त्याच्या शब्दाला किती मान देते. माणूस घडतो तो यातूनच, आणि तो लहानपणीच घडून संपत नाही.

सुरुवात बाळंतघरापासून करावी लागते. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कधी द्यायचे. त्या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. औषधे आधीही होती. बदलले ते एवढेच की, जाणती बाई बाळंतिणीच्या उशाशी, तिच्याच बोलीत बोलत बसली. पुढे आशा कार्यकर्तीमार्फत ही पद्धत देशभर गेली. आज चिचगडला ग्रामीण रुग्णालय आहे. तरीही पहिल्या महिन्यात टोल्यावरच्या बाळाच्या घरी पोचते ती आशाताईच.

शाळेचा हिशोब मात्र इतका सरळ नाही. घरात गोंडी, हलबी किंवा छत्तीसगढी, बाजारात झाडीबोली आणि पुस्तकात पुण्याकडची मराठी, अशी कसरत इथल्या सहा वर्षांच्या पोराला करावी लागते. ते गप्प बसले की मास्तर त्याला ‘मंद’ ठरवतात. खरे तर ते हुशार पोर दिवसभर मनातल्या मनात भाषांतर करत असते. सत्तरच्या दशकापासून आदिवासी भागांत आश्रमशाळा वाढल्या. त्यांनी जेवण दिले, दहावीपर्यंतची वाट दिली, मुलींना घराबाहेर पडायची मुभा दिली. हे उपकार लहान नाहीत. पण सहा-सात वर्षांचे लेकरू आईपासून, आज्यापासून तोडून वसतिगृहात ठेवण्याची किंमतही लहान नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी 1979 मध्ये मांडले की, घर आणि शाळा यांचे एकमेकांशी नाते कसे आहे, यावरही मुलाची वाढ ठरते. हे आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कितीतरी आधी करून दाखवले होते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला वारल्यांची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात नेली. अंगणवाडी हे नाव आपण घेतले, त्यामागची पोराच्या घराशी जोडून घेण्याची रीत मात्र अर्धीच घेतली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढून ती उरलेली अर्धी वाट धरली.

तरुणपणाबद्दल थोडेच सांगतो. या पट्ट्यात नक्षली आणि पोलीस यांच्या मधोमध वाढलेली एक पिढी आहे. कमी बोलायचे, अनोळखी माणसासमोर तर नाहीच, हे ती शिकली. तो तिचा स्वभाव नव्हता, त्या काळाने लावलेली सवय होती.

आणि प्रौढ वय? तेंदूपत्त्याचा व्यापार 1969 च्या कायद्याने सरकारच्या ताब्यात गेला आणि तोडणारा माणूस ठेकेदाराच्या फडावरचा मजूर उरला. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र पालटू लागले. देवरी तालुक्यातल्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्या लिलाव करू लागल्या, हिशोब ठेवू लागल्या. ज्यांनी साहेबासमोर कधी मान वर केली नव्हती, अशी चाळिशी-पन्नाशीची माणसे बैठकीत ठरावावर वाद घालू लागली. वय झाले की माणूस बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी अशा एखाद्या ग्रामसभेत जाऊन बसावे. त्यांच्यात नवी बुद्धी आली नव्हती. त्यांच्या बोलण्याला पहिल्यांदा किंमत आली होती.

या सगळ्या बदलांत मागे राहिली ती म्हातारी माणसे. कोणता मोह कधी टपकतो, कोणता कंद विषारी, दंडारीच्या खेळात कोणते सोंग कसे नाचवायचे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांची नातवंडे वर्षातले बहुतेक महिने आश्रमशाळेत असतात. ऐकणारे कान घरात नसतील तर म्हातारपण नुसते दिवस मोजण्याचे होते आणि नातवाचेही शिक्षण अपुरे राहते.

म्हणून आदिवासी विकास विभागाला आणि गोंदिया जिल्हा परिषदेला विनंती आहे : पहिली दोन वर्षे शिकवणी पोराच्या घरच्या बोलीत होऊ द्या. मोहाच्या हंगामात आश्रमशाळेतली लेकरे काही दिवस घरी पाठवा. आणि आठवड्यातला एक तास गावातल्या आज्या-आजीला वर्गात मानधन देऊन बोलवा.