यादीत नाव नाही, म्हणजे काय?

महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला एक वाक्य वारंवार उच्चारावे लागते : "तुझं नाव यादीत नाही." समोरची मुलगी तालुक्याहून एस.टी.ने आलेली असते. सोबत आलेल्या वडिलांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. वाक्य ऐकून ती दोघे निमूट परत जातात. यादी कोणती, ती कोणी केली, कधी केली, हे प्रश्न त्यांनी विचारावेत अशी आपल्या कार्यालयांची रचनाच नाही.

मी ज्या कार्यालयात काम केले तेथे एकाच विद्यार्थ्याची माहिती पाच ठिकाणी होती. प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, परीक्षा आणि वसतिगृह अशा पाच टेबलांच्या पाच फायली, सगळ्या एकाच सामायिक फोल्डरमध्ये. त्यांची नावे 'शिष्यवृत्ती अंतिम', 'शिष्यवृत्ती अंतिम नवीन', 'अंतिम दुरुस्त २' अशी. खरी अंतिम कोणती हे एकाच कारकुनाला ठाऊक, आणि तो रजेवर. ज्याच्या घरी ओळखपाळख आहे त्याचे नाव अशा गोंधळातही दुसऱ्या दिवशी सापडते. ज्याला ती नाही, त्याचे वर्ष जाते. गोंधळ सर्वांना सारखाच छळतो, हा समज म्हणूनच खोटा आहे.

दप्तर ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, ही गोष्ट महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये एकोणिसाव्या शतकातच मांडली. तेव्हा दप्तर रुमालात बांधलेले होते. आज ते संगणकात आहे. दप्तर सर्वांना वाचता येईल असे लावणे हे काम केवळ तांत्रिक नव्हे, हे परिवर्तनवादी कार्यकर्त्याने ध्यानात घेतले पाहिजे.

या कामाचे शास्त्र जुने आहे. १९७० साली आय.बी.एम. मध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या माहितीसाठ्यांची रचना कशी असावी यावर एक निबंध प्रसिद्ध केला. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच विचारावर उभे आहेत. त्यातून निघणारी शिस्त साध्या शब्दांत सांगायची तर अशी : एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, आणि इतरत्र तिचा फक्त क्रमांक द्यावा. विद्यार्थ्याचा पत्ता तीन वर्षांच्या तीन अर्जांत तीनदा लिहिला की एके ठिकाणी बदलतो आणि दोन ठिकाणी जुना राहतो. मग खरा कोणता? म्हणून विद्यार्थ्यांचा तक्ता वेगळा, अर्जांचा वेगळा, मिळालेल्या हप्त्यांचा वेगळा. अर्जाच्या तक्त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक, हप्त्याच्या तक्त्यात अर्जाचा क्रमांक. पत्ता एकदाच बदलायचा. तो सर्वत्र बदललेला दिसतो.

प्रश्न असा की, हा क्रमांक कोणता? नाव हे काम करू शकत नाही. 'कांबळे' इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. एका यादीत आडनाव आधी, दुसऱ्या यादीत शेवटी. मुलीचे लग्न झाले की नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही बदलू शकतात. नावाला जन्मतारीख जोडली तरी भागत नाही. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख किती जणांच्या नशिबी लिहिली, हे वाचकांना सांगायला नको. एकाच गावचे, एकाच नावाचे, १ जूनला जन्मलेले दोघे सहज निघतात. शाळेत जनरल रजिस्टरचा नंबर आणि विद्यापीठात कायम नोंदणी क्रमांक असतो. त्यांचा आधार घ्यावा. नसेल तर कार्यालयाने स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो कधीही दुसऱ्याला देऊ नये. आधार क्रमांक मात्र प्रत्येक फायलीत मिरवू नये. तो ज्या कामाला लागतो तेवढ्यापुरताच, मोजक्या हातांत असावा.

दुसरे महत्त्वाचे दुखणे 'जात' या रकान्याचे. आमच्या पाच फायलींत या एकाच रकान्यात 'एस.सी.', 'अनु. जाती', 'महार', 'हिंदू महार', 'नवबौद्ध', 'बौद्ध' असे सहा प्रकार होते. वस्तुतः येथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत : धर्म, जात आणि प्रवर्ग. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तेव्हापासून केंद्राच्या सवलतींसाठीही बौद्ध धर्म आणि अनुसूचित जाती हा प्रवर्ग एकाच व्यक्तीच्या ठिकाणी असू शकतात. ज्या टेबलावर 'बौद्ध' एवढेच लिहिले गेले तेथे तो विद्यार्थी अल्पसंख्याकांच्या यादीत जातो आणि अनुसूचित जातींच्या मोजणीतून गळतो. संगणकाला 'एस.सी.' मोजायला सांगितले की तो तेवढेच मोजतो. म्हणून तीन रकाने वेगळे करावेत, आणि प्रवर्ग हाताने न लिहिता ठरलेल्या यादीतून निवडावा.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पायरी मोजदादीची. कोणत्या फायली आहेत, कोण वापरतो, कशासाठी, शेवटची नोंद केव्हाची, हे कागदावर मांडावे. या टप्प्यावर काहीही पुसू नये. सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवावी. दुसरी पायरी जबाबदारीची. पत्ता कोणत्या टेबलाने बदलायचा, प्रवर्ग कोणी तपासायचा, हे प्रत्येक माहितीपुरते ठरवावे. बाकीच्यांनी ती पाहावी, बदलू नये. सर्वांना मिळून एकच पासवर्ड ही पद्धत बंद झाली पाहिजे, कारण तेथे चूक कोणाची हे कधीच कळत नाही.

तिसरी पायरी दुहेरी नोंदी जुळवण्याची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असून वेगळ्या राहिल्या तर तिचे पैसे अडकतात. दोन व्यक्तींच्या नोंदी चुकून एक झाल्या तर त्यांतली एक व्यक्ती दप्तरातून नाहीशीच होते. म्हणून यंत्राने केवळ संशयित जोड्या काढून द्याव्यात, निर्णय माणसाने मूळ कागद पाहून करावा. जुना क्रमांक नव्याशेजारी जपावा, आणि बदल कोणी, कधी, कशाच्या आधारे केला हे लिहावे. जुन्या फायली युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात. नाहीतर डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे संगणकाला वेगळी वाटतात.

शेवटची पायरी बदलीची. अर्जांच्या हंगामात हे करू नये. एक तारीख जाहीर करावी, त्या दिवसानंतर जुन्या फायली फक्त वाचण्यापुरत्या ठेवाव्यात, आणि नवी रचना निदान दोघांना पूर्ण शिकवावी. एकाच माणसाच्या डोक्यात असलेली व्यवस्था ही व्यवस्था नसते.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आज अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरला जातो, तरी त्याची पहिली छाननी महाविद्यालयाच्या कार्यालयातच होते. तेथील दप्तर विस्कटलेले असेल तर पोर्टल काय करणार? हीच गोष्ट बिंदुनामावलीची. आस्थापनेची यादी आणि बिंदुनामावली एकमेकींशी जुळत नसतील तर अनुशेष किती, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमणिकेसह ठेवले पाहिजेत. कार्यकर्त्यांनी या कलमाकडे बोट दाखवून विचारावे : तुमच्या फायलींची सूची कोठे आहे? शिक्षकांनी आपल्या शाळेतली पाच रजिस्टरे एकदा शेजारी ठेवून पाहावीत. आणि विद्यार्थ्यांनी, "नाव यादीत नाही" असे ऐकल्यावर, खिडकी सोडण्याआधी एवढेच विचारावे : कोणत्या यादीत, आणि ती केव्हाची?